तीन मीटर चाळीस

पंपघराच्या कचेरीत टॅब येऊन पाच आठवडे झाले होते आणि एवढ्या काळात त्याचा एकच उपयोग झाला होता. खिडकीतून वारा आला की नोंदवहीची पानं उडायची, म्हणून तो वहीवर ठेवत.

प्रशिक्षक बाईंनी सोमवारी सकाळी हे पाहिलं, पर्स खुंटीला अडकवली आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात तसं शिकवलं होतं.

काम म्हणाल तर पोरखेळ होता. शेजारच्या खोलीत जमिनीत खोल विहीर, तिचं पाणी निम्मं शहर पीत होतं. त्या पाण्याची पातळी दर तासाला नोंदवायची. पूर्वी माणूस विहिरीत डोकावून मोजपट्टी वाचायचा. आता सेन्सर बसवला होता. आकडा आपोआप टॅबवर यायचा, माणसाने फक्त ‘मान्य’वर बोट ठेवायचं. तेवढंही होत नव्हतं.

माणसं तीन. नोंदकाराला सगळे गुरुजी म्हणत, कारण त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. पंपवाल्याचं नाव टोपी, कारण त्याचं डोकं अजून कुणी पाहिलं नव्हतं. आणि चहा-झाडलोट बघणाऱ्या मावशी. तिघंही प्रत्येक गोष्टीला हो म्हणत. बाईंना विरोध चालला असता. विरोधासाठी त्यांच्याकडे अठरा पानांची पुस्तिका होती. होकारासाठी काहीच नव्हतं.

“कळलं ना?”

“एकदम,” टोपी म्हणाला.

“मग दाबा बघू.”

“तुम्हीच दाबा मॅडम. तुमच्या बोटाला सवय आहे.”

भिंतीवर खडूने वीतभर उंचीच्या अक्षरांत पासवर्ड लिहिला होता.

“अहो, पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो!”

“गुप्तच आहे की. भिंतीवर आहे हे बाहेर कुणालाही माहीत नाही.”

हे बाईंचं चौथं केंद्र. पहिली तीन हातची गेली होती. वरच्या कचेरीतल्या साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, प्रश्न फक्त मानसिकतेचा असतो; शुक्रवारी पाचपर्यंत शंभर टक्के नोंदी टॅबवर आल्या आणि वही बंद झाली, तर बाई कायम. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून त्यांनी आपली मानसिकता दुसरीकडे कुठेतरी वापरावी. वय सेहेचाळीस, नवऱ्याचं काम वर्षभरापूर्वी सुटलेलं. दुसरीकडे कुठे, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी त्यांनी वही उघडली आणि त्यांचं डोकंच फिरलं. सकाळचे दहा वाजले होते. पण अकराची ओळ भरलेली होती. बाराचीही. संध्याकाळ, रात्र, बुधवार, गुरुवार, थेट शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. तीन मीटर चाळीस. तीन मीटर अडतीस. तीन मीटर एक्केचाळीस. सगळं त्या छापील अक्षरात, सुबक.

“गुरुजी, हे काय आहे?”

“नोंदी.”

“गुरुवारच्या? आज?”

“एकदम लिहून ठेवल्या की बरं पडतं,” गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. “मध्ये खंड पडत नाही.”

त्या रात्री जेवताना बाईंनी सगळा राग भाजीवर काढला. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तीन दिवसांत फोन शिकल्या आणि चौथ्या दिवशी सुनेला शिकवायला लागल्या.

“अगं, पण त्यांना वही का लागते ते विचारलंस का?” फोनवरून नजर न काढता त्या म्हणाल्या.

“सवय, आई! दुसरं काय असणार?”

“म्हणजे नाही विचारलंस.”

बुधवारी बाईंनी विचारण्याऐवजी पुरावा गोळा करायचं ठरवलं. खोट्या नोंदी करणाऱ्या नोंदकाराचा अहवाल पाठवला की वही आपोआप बंद होणार होती. त्यांनी पाच आठवड्यांचे सेन्सरचे आकडे काढले, वही शेजारी ठेवली आणि लाल पेन हातात घेऊन ओळीवर ओळ लावत गेल्या. पेनाचं टोपण दुपारपर्यंत उघडावं लागलं नाही.

सगळे आकडे जुळत होते. सेंटिमीटरला सेंटिमीटर.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी पहाटे चार वाजता पातळी अकरा सेंटिमीटरने उतरली होती. वहीतही उतरली होती. आणि ते पान, मावशी शपथेवर सांगत होत्या, त्याच्या आदल्या शनिवारी भरलं होतं.

“अंदाज चांगला आहे तुमचा,” बाई म्हणाल्या.

“अंदाज कसला?” गुरुजी म्हणाले. “आधी लिहायचं, मग बघायचं. माझ्या आधीच्या नोंदकारांनी मला असंच शिकवलं. त्यांनाही कुणीतरी शिकवलं असेल.” मग त्यांनी पान उलटलं. “शुक्रवारी दुपारी एकची ओळ रिकामी आहे. लिहून बघा हवं तर. मीटरभराच्या आत-बाहेर काहीही.”

“शुक्रवारची कशाला? आजचीच लिहिते.” बाईंनी तिरीमिरीत लाल पेन उघडलं. बुधवार तीनच्या ओळीवर गुरुजींनी सांडलेल्या चहाचा डाग होता, आकडा पार विरघळला होता. त्यावर त्यांनी ठसठशीत लिहिलं, दोन मीटर पंच्याण्णव.

अडीचला टॅबवर तीन मीटर एकोणचाळीस होते. तीन वाजता दोन मीटर पंच्याण्णव झाले. चारला पुन्हा तीन चाळीस.

सेन्सर बिघडलाय, असं त्यांनी अहवालात लिहिलं. मग खोडलं. सेन्सर बिघडलाय म्हटलं तर शंभर टक्के कसले व्हायचे?

गुरुवारी त्यांनी विचार करायचा नाही असं ठरवलं आणि साहेबांकडून लेखी आदेश मागवला. शुक्रवारी दुपारी बारानंतर नोंदकाराने वहीत कोणतीही नोंद करू नये, नोंदी फक्त टॅबवर. बाईंना वाटलं, आता तरी कुणी आरडाओरडा करेल. गुरुजींनी आदेश दोनदा वाचला, सुरेख सही केली आणि एक प्रत घडी करून खिशात ठेवली.

“नक्की ना मॅडम?” एवढंच त्यांनी विचारलं.

“किती वेळा सांगायचं? नक्की!”

शुक्रवारी बारा वाजता गुरुजींनी टॅब उचलला, झरझर बोटं फिरवली, मागच्या पाच आठवड्यांच्या नोंदींना मान्यता दिली, अक्षरं मोठी करून घेतली आणि टोपीला पासवर्ड बदलायला शिकवलं. सगळं मिळून सात मिनिटं. बाई बघतच राहिल्या. म्हणजे या माणसाला सगळं येत होतं. मग पाच दिवस आपण घसा कशासाठी फोडला?

त्यांनी वही पिशवीत घातली. टॅबवर हिरवी अक्षरं आली होती, शंभर टक्के.

एकला पाच मिनिटं कमी असताना तिघंही टॅबभोवती येऊन उभी राहिली. मावशींच्या हातात फडका तसाच होता.

एक वाजला.

टॅबवर आकड्याच्या जागी आडवी रेघ आली.

पलीकडे पंपाचा आवाज बदलला. एवढा वेळ घुमत होता, तो आता घासायला लागला. टोपी धावत गेला, त्याने पंप बंद केला. मग तो विहिरीच्या कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिला.

“पाणी आहे का?” बाईंनी दारातून विचारलं.

“नाही.”

“आटलं?”

टोपीने विजेरी खाली धरली. प्रकाश खाली गेला आणि जातच राहिला.

“आटलं असतं तर तळ दिसला असता, मॅडम.”

बाईंनी पिशवीतून वही ओढून काढली. “गुरुजी, लिहा. लवकर लिहा!”

गुरुजींनी खिशातली प्रत उलगडून दाखवली. “नोंदकाराने लिहू नये. सही आहे माझी.” त्यांचा सूर कुत्सित नव्हता, उलट कळवळ्याचा होता. “प्रशिक्षकाबद्दल आदेशात काही नाही.”

बाईंनी लिहिलं. दुपारी एक, तीन मीटर चाळीस.

खालून आवाज आला. पाणी भरत गेल्याचा नव्हे. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा. मग टोपीने विहिरीत डोकावून पंप सुरू केला.

दोनची ओळ रिकामी होती. तीनचीही. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि लिहीत सुटल्या. निदान पुढचा आठवडा तरी भरून ठेवावा, म्हणजे घरी जाता येईल, विचार करता येईल. शनिवार संपला. रविवार संपला. गुरुजींनी आपला डबा, छत्री आणि खुर्चीवरची उशी गोळा केली. त्यांची मान, बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं, ताठ झाली होती.

सोमवार भरत आला तेव्हा फोन वाजला.

“अभिनंदन!” साहेब म्हणाले. “शंभर टक्के! मी म्हणतच होतो, प्रश्न मानसिकतेचा असतो. तुम्ही कायम झालात. आता पुढचं केंद्र, चौदा तारखेपासून.”

“चौदा,” बाई म्हणाल्या. फोन खांद्यात धरला होता, हात चालूच होता. “साहेब, मला इथून निघता येईल असं वाटत नाही.”

“चौदा म्हणजे चौदा. इथे आता काय काम उरलंय?”

फोन ठेवून त्यांनी खाली बघितलं. मंगळवार, सकाळी अकरा. ओळीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, चौदा मीटर.

त्यांनी घाईघाईने त्यावर दोन रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं, तीन चाळीस.

“गुरुजी,” त्या जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाल्या, “आकडा चुकला तर खोडलेलं चालतं ना?”

गुरुजी दारातून परत आले. वाकून ओळ वाचली. मग शेजारच्या खोलीकडे पाहिलं, जिथे विहिरीचा काठ तळापासून नऊ मीटरवर होता.

“चालतं की,” ते म्हणाले. “फक्त दोन्ही आकडे धरले जातात.”

मावशींनी फडका खांद्यावर टाकला आणि खालच्या फळीवरचे कप एकेक करून वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली.