कंबर नव्हे, खुबा

"कमरेचा पट्टा कमरेला नाही तर काय गळ्यात बांधू, सिस्टर?"

त्याचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. तो रुग्णवाहिकेवरचा, मी अपघात विभागातली नर्स, आणि मध्ये स्ट्रेचरवर गाडीखाली सापडलेले एक मास्तर. ओटीपोटाची हाडं फुटलेली.

मी पट्टा सोडून खाली घेतला. "इथे, खुब्यावर! मांडीचं हाड हाताला लागतं तिथे. वर बांधलात तर हाडं फाकलेलीच राहतात आणि रक्त आतल्या आत वाहत राहतं."

"एवढं ओरडून सांगितलंत... आता जन्मात विसरणार नाही!"

मास्तर वाचले. या रुग्णवाहिकेवाल्याचं नाव मी ठेवलं — कंबरवाले.

मग काय, रोज पट्टा घेऊन स्वारी दारात हजर. "सिस्टर, खुबा सापडत नाहीये."

"आरशात शोधा."

"आरसा रागावत नाही हो... तुम्ही रागावलात की छान दिसता."

मी हसू दाबायचे, पण कान लाल व्हायचेच. मला तो आवडायला लागला होता, अगदी वेड्यासारखा.

मेट्रनबाईंनी सांगितलं, रुग्णवाहिकेवरच्या सगळ्यांनाच एकदा बसवून पट्टा बांधायला शिकव. तो हिरमुसला. "सगळ्यांना? मग मी कुठलं निमित्त काढून येऊ? थांबा ना थोडे दिवस..."

आणि मी, एवढी शहाणी, थांबले.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, दुसऱ्या गाडीतून त्यालाच आणलं. जखमीला उचलताना मागून ट्रकने उडवलं होतं. त्याचा जोडीदार धापा टाकत म्हणाला, "पट्टा बांधलाय, सिस्टर! घट्ट बांधलाय!"

बांधला होता. कमरेला.

मी तो खुब्यावर ओढला, रक्ताच्या पिशव्या मागवल्या, डॉक्टरांना हाका मारल्या. तो पांढराफटक पडला होता.

"त्याला रागावू नकोस..." पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' आलं. "मी सांगत होतो, खाली घे... त्याला वाटलं, बरळतोय."

"गप्प राहा. लग्न करायचंय मला तुझ्याशी, ऐकतोयस ना?"

तो हसला. "एवढं ओरडून सांगितलंस... आता जन्मात —"

स्ट्रेचर आत गेलं आणि ऑपरेशन थिएटरचं दार लागलं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "हाडं वेळेवर आवळली गेली असती तर वाचला असता," म्हणाले.

शिकवणी मी पुढच्या सोमवारी घेतली. वीस जण होते. मागून एक नवखा हसत म्हणाला, "कमरेचा पट्टा कमरेला नाही तर कुठे, सिस्टर?"

मी रागावले नाही. त्याचा हात धरला आणि त्याच्याच खुब्यावर नेऊन ठेवला.