वरच्या ओळीचे नोझल

सत्त्याण्णव सालची गोष्ट. लोणी काळभोरच्या बाजूला एका कारखान्यात बॉयलरचा धूर धुणारा उंच टॉवर होता. खालून धूर माथ्यावरच्या चिमणीकडे चढे, वाटेत वर-खाली दोन ओळींत बसवलेल्या नोझलांतून पाण्याचे फवारे पडत आणि काजळी पाण्याबरोबर खाली येई. बारा वर्षं त्या टॉवरवर गोपाळकृष्ण आपट्यांचा शब्द शेवटचा होता.

मग अवधूत आला. नारायण पेठेतला, चोवीस वर्षांचा. भिंतीलगत पाणी पोचतच नाही, धूर तिथून निसटतो, हे त्याने कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवलं. खालच्या ओळीचे नोझल तिरके केले आणि चिमणीचा धूर निम्म्यावर आला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. आपट्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"बारा वर्षं आम्ही काय गोट्या खेळत होतो?" घरी ते बायकोवर खेकसले. जेवण तसंच राहिलं.

सोमवारी बाहेरून तपासणीला माणसं येणार होती. रविवारी बॉयलर बंद होता. भर दुपारी आपटे पाना घेऊन एकटेच टॉवरमध्ये शिरले. नोझल पुन्हा सरळ करायचे, बस्स. पोराची फजिती आपोआप झाली असती.

आत ओल्या राखेचा वास कोंडला होता. शिडीवर चढून त्यांनी खालच्या ओळीचा पहिला नोझल फिरवला. वर अंधारात कुठेतरी... टक्. दुसरा फिरवला. पुन्हा वर... टक्.

"कोण आहे? अवधूत...?"

वरून अगदी हळू, समजूत काढल्यासारखा आवाज आला. "चालू द्या तुमचं... वरचे मी बघतो."

आवाज अवधूतचा नव्हता.

आपटे सगळे नोझल कसे फिरवून बाहेर आले, त्यांचं त्यांना कळलं नाही. दाराशी पहारेकरी रंगराव बसला होता.

"आत कोण गेलंय?"

"तुमीच की सायेब. सकाळधरनं दुसरं कुनी न्हाई."

सोमवारी बॉयलर पेटला. आपटे चिमणीकडे बघत राहिले. धूर नाहीच. नुसती पांढरी वाफ.

अवधूत धावत आला. "सर, मानलं तुम्हाला! काल तुम्ही आत गेला होतात, रंगरावने सांगितलं. सकाळी मी आत डोकावलो होतो. खालचे सरळ आणि वरची अख्खी ओळ तिरकी... हे मला सुचलंच नसतं. साहेबांना तुमचंच नाव सांगितलंय."

पुन्हा टाळ्या वाजल्या, या वेळी आपट्यांसाठी. त्या कुणा दुसऱ्याच्याच आहेत हे त्यांना ठाऊक होतं, आणि इतक्या भीतीतही त्यांना त्या दुसऱ्याचा हेवा वाटला.

"सर, एकच विचारू?" अवधूतने आवाज खाली आणला. "शिडी खालच्या ओळीपाशी संपते ना... तिथून वर भिंतीच्या काजळीत हातांच्या पंजांचे ठसे आहेत, फक्त वर जाणारे. पार चिमणीच्या तोंडापर्यंत. चढलात ते दिसतंय... पण उतरलात कुठून?"