नजरेच्या टप्प्यातला वाटा

यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझी महिनाभराची रम तुमची. आमच्या जहाजावर याहून मोठी शपथ नसते.

फेब्रुवारीतली संध्याकाळ. फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराबाहेरचा समुद्र. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, आम्ही कॉफीने भरलेलं एक फ्रेंच जहाज पकडलं. एकच गोळा डागला, तोही चुकला. तरी ते शरण आले. बहुतेक आमच्या नेमाची कीव आली असावी.

पकडलेलं जहाज विकून पैसे खलाशांत वाटतात. त्या वेळी आपलं दुसरं जहाज नजरेच्या टप्प्यात असेल, तर त्यालाही अर्धा वाटा. त्याने काही करायचं नसतं. नुसतं दिसायचं.

मी डोलकाठीवर टेहळणीला होतो. सहज मागे पाहिलं...

धुक्यात एक जहाज उभं होतं.

वारा होता, पण त्याची शिडं हलत नव्हती. घंटा नाही. माणसांचा आवाज नाही.

नाव वाचता आलं. 'लिटल थॉर्न'.

माझा भाऊ डेन्झिल त्याच्यावरच होता. ते गेल्या हिवाळ्यात सगळ्यांसकट बुडालं होतं.

पुन्हा पाहिलं, तर नुसतं धुकं.

कप्तानाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "दुसरं जहाज कुणी पाहिलं?"

डेन्झिलची बायको लोवेना डोळ्यांपुढे आली. दोन पोरं, भाडं थकलेलं, घरमालक दाराशी. मेलेल्याचा वाटा बायकोला मिळतो.

"मी पाहिलं, साहेब. लिटल थॉर्न."

हशा पिकला.

"अरे जोरी, मग माशांनाही वाटा दे की!" म्हातारा तोफवाला पास्को ओरडला.

"बुडालेल्या जहाजाला वाटा नाही," कप्तान म्हणाला. विषय संपला.

प्लिमथला भर दुपारी वाटप झालं. कारकुनाने पास्कोपुढे सोन्याच्या दहा गिनी ठेवल्या. पास्कोने हात पुढे केला...

पाच.

कारकुनाने पुन्हा दहा मांडल्या.

पुन्हा पाच.

टेबलावर ओल आली होती. कारकुनाने बोट बुडवून चाटलं. "खारट आहे," तो म्हणाला.

सगळ्यांचं तसंच झालं.

"तुझं थोबाड शिवायला हवं होतं!" पास्को म्हणाला.

माझ्या पाच गिनी घेऊन मी लोवेनाकडे धावलो.

"भावजी, उशीर केलात. मघाशीच एक जण पाच गिनी देऊन गेला."

"कोण?"

"उंबऱ्याबाहेरच उभा होता. कपडे निथळत होते..." ती थांबली. "मी आत ये म्हटलं नाही, भावजी. आवाज ओळखीचा होता म्हणून."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, जोरीला सांग, त्या संध्याकाळी आम्हीही काहीतरी पकडलं. तुमचं जहाज नजरेच्या टप्प्यात होतं. तुमचा वाटा पोचवतो."

लोवेनाचं घर वाचलं.

मेलेली माणसं समुद्रात काय पकडतात, मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणीच हल्ली दार वाजलं तरी उघडत नाही.

वाटा नाकारायची नियमात सोय नाही. मी विचारून आलो.