पस्तीसच्या रेषेखाली

पटायलाच हवं असा माझा आग्रह नाही. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. ही रात्रीची गोष्टही नाही. बाबा गेले त्यानंतरची, भर दुपारची, त्यांच्याच बैठकीच्या खोलीतली आहे.

त्या खोलीत एका भिंतीला लागून काचेची मोठी टाकी आहे. आत खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि नारिंगी माशांची एक म्हातारी जोडी. बाबांना रक्तदाबामुळे मीठ बंद होतं. "मला चिमूटभर नाही, आणि यांना बादलीत कालवून," असं कुरकुरत ते त्या टाकीवर जीव टाकायचे.

कालवलेल्या खाऱ्या पाण्याला ते 'समुद्र' म्हणत. निळ्या पिंपात समुद्र. पांढऱ्या पिंपात गाळलेलं गोडं पाणी.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला एकच काम सांगितलं. "टाकीत पाणी घालत जा."

मी निळ्या पिंपातलं घालत राहिले. खारी टाकी, म्हणून खारं पाणी.

उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं, हे मला कुठे ठाऊक होतं? कमी झालेली पातळी भरायची ती गोड्या पाण्यानं. बाबा पाणी म्हणाले होते... समुद्र नाही.

प्रवाळ मिटायला लागले तेव्हा मी टाकीतले मासे विकणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या दुकानदारांना फोन केला. क्षारता बघायची छोटी नळी डोळ्याला लावून आकडा सांगितला. पस्तीस हवा होता. चाळीस होता.

"घाबरू नका, पण घाईही करू नका," ते म्हणाले. "एकदम उतरवलंत तर सगळंच हातचं जाईल. रोज थोडं खारं काढायचं, तेवढंच गोडं घालायचं. पंप बंद करून. आणि पस्तीसला आलं की थांबा. त्याच्या खाली गेलं तरी तितकंच वाईट."

"उद्यापासून करते," मी म्हटलं.

दुसऱ्या दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते.

पंपाची घरघर... थांबली.

मी गेले तर खोलीत कोणी नव्हतं. पंपाचं बटण बंद होतं. पाणी बाबांनी काचेवर चिकटवलेल्या पट्टीला अगदी बरोबर टेकलेलं.

नळी लावून पाहिलं. आकडा किंचित उतरला होता.

संशय दादावर गेला. घराची दुसरी चावी त्याच्याकडे, आणि टाकी विकायची असं त्यानं परस्पर ठरवूनही टाकलेलं.

"तू घरी आला होतास?"

"मी ऑफिसात मरतोय, चिमणे. आणि त्या डबक्याला हात लावायची माझी छाती नाही. बाबा हात तोडतील."

मग त्याचं त्यालाच उमगलं.

"तोडले असते," तो म्हणाला.

तरी मला पटेना. मी दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून ठेवला. दार उघडलं की तो पडणारच.

घरघर पुन्हा थांबली. आकडा पुन्हा उतरला.

कपटा जागच्या जागी होता.

मग मी शोधत सुटले. पांढऱ्या पिंपातलं गोडं पाणी कमी झालं होतं, म्हणजे टाकीत ते पडलं होतं. पण काढलेलं खारं पाणी कुठे गेलं? बादली कोरडी. न्हाणीघर कोरडं. फरशीवर एक थेंब नाही.

बाबांच्या खुर्चीशेजारच्या तिपाईवर त्यांचा स्टीलचा पेला असतो. मी तो घासून, पुसून, पालथा घातला होता.

पेला... उताणा होता.

तळाशी पांढरं कडं धरलेलं. बोट फिरवून जिभेला लावलं.

मीठ.

खरं सांगते, भीती वाटली नाही. आधी हसू आलं, मग रडू. आयुष्याची शेवटची वर्षं अळणी जेवलेला माणूस.

त्यानंतर मी टाकीला हात लावला नाही. दुपारी स्वयंपाकघरात नुसती ऐकत बसायचे. घरघर थांबायची, थोड्या वेळानं आपली आपण सुरू व्हायची. आकडा उतरत होता, घाई न करता. प्रवाळ उमलायला लागले. दादा टाकीचं माप घ्यायला टेप घेऊन आला, काचेसमोर उभा राहिला आणि टेप खिशात ठेवून म्हणाला, "राहू दे. नको विकायला."

ज्या दुपारी आकडा पस्तीसच्या रेषेवर आला, त्या दुपारी मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "बाबा, झालं."

दुसऱ्या दुपारी घरघर थांबली.

चौतीस.

त्याच्या दुसऱ्या दुपारी... तेहतीस.

प्रवाळ परत मिटू लागले आहेत. दोन माशांपैकी एक कोपऱ्यात तळाशी पडून असतो. आता मी रोज निळ्या पिंपातला समुद्र थोडा थोडा घालते आणि आकडा वर आणते. दुपारनंतर तो पुन्हा खाली असतो. पेला मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. तो तिपाईवर सापडतो. कडं दिवसेंदिवस जाड होतंय.

"बाबाच असणार गं, दुसरं कोण," दादा म्हणतो. मी हो म्हणते.

पण बाबा पस्तीसला थांबले असते.