आक्काचा स्पेअर पार्ट

डबा नेहमीच्या जागी थांबला आणि गोड बायकी आवाजात म्हणाला, "येथून पुढे रस्ता नाही. आपला प्रवास सुखाचा झाला असेल, अशी आशा आहे."

"झाला बाई, झाला. दार उघड आता," केरबाअण्णा म्हणाले आणि बगलेतलं गाठोडं सावरत उतरले. डबा जागच्या जागी गर्रकन वळला आणि आल्या वाटेने निघून गेला.

सरकारदरबारी त्याचं नाव स्वयंयान. लोक त्याला डबाच म्हणत. आता मुलखातल्या सगळ्या रस्त्यांवर हेच धावत. चालक नाही, स्टिअरिंग नाही, अपघात नाही. "आन् भांडणबी न्हाई," असं अण्णा मोठ्या दुःखाने सांगत. मात्र डब्याची अक्कल डांबराइतकी. डांबर संपलं की ती संपली. आणि झुंबरवाडी तर डांबर संपल्यावरच सुरू होई. वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडंबोडकं पठार, आणि तिथवर जाणारी वाट अशी की बकरीनेही खाली बघून एकदा नवस बोलावा.

त्या वाटेवर चढणारी एकच गाडी होती. अण्णांच्या वडिलांनी घेतलेली जीप, आक्का. डिझेल बंद झालं तेव्हा ती बिनतक्रार करंजाच्या तेलावर चालू लागली होती. दूध खाली, औषधं वर, अडलेल्या बाळंतिणी खाली, बाळं वर असा तिचा संसार. पण पावसाळ्याच्या तोंडावर चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीतल्या मोठ्या गिअरचे दात तुटले आणि आक्का गोठ्यात बसली ती बसलीच. तेव्हापासून अण्णा तो बोळका गिअर गाठोड्यात बांधून गावोगाव हिंडत होते, एखाद्या उपवर मुलीचा बाप हिंडावा तसे.

भंगारवाल्यांनी हात जोडले. वाहनांच्या संग्रहालयात अण्णांनी रखवालदाराला सांगितलं, "तुमची जीप नुसती उभीच हाय, तिचा गिअर द्या. पेटीत काय हाय, कोण बघतंय?" रखवालदाराने त्यांना चहा पाजून गेटाबाहेर सोडलं. एका हॉटेलच्या दारात अगदी आक्काची जुळी बहीण दिसली, तेव्हा तर अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. बॉनेट उघडलं, तर आत माती घालून झेंडू लावलेला. एका कारखान्याने गिअरचं माप घेऊन डोळ्यांदेखत नवाकोरा छापून दिला. तो आक्काच्या पेटीत बसवला आणि तिने असा काही टाहो फोडला की वाडीतल्या म्हशींनी त्या संध्याकाळी दूध दिलं नाही.

"आक्का बसली ते बरंच झालं," मुलगी सुगंधा म्हणाली. "अण्णा, हात बघा तुमचे. कपातला चहा बशीत येतोय."

"येऊ दे की. बशीतनंच पितो मी. आन् ऐक, आक्काच्या शिटावरनं मला चौघंच उतरवतील. पाचवं कुणी मधी पडायचं न्हाई."

सुगंधाने बशी पुढे सरकवली. बोलून उपयोग नसे.

डॉ. निलोफर मुजावर या मिरजेच्या जीवाणूशास्त्रज्ञ. जांभ्या दगडात लोखंड असतं आणि त्यावर जगणारे जीवाणू शोधायला त्या सड्यावर येत. आक्का बंद पडल्यापासून त्यांना पायी चढावं लागे. त्यामुळे बोळक्या गिअरचं दुःख वाडीबाहेर कुणाला कळलं असेल, तर ते त्यांनाच.

"नवा गिअर चालायचाच नाही, अण्णा," ओसरीवर टेकून घाम पुसत त्या म्हणाल्या. "आक्काचे बाकीचे भाग इतकी वर्षं एकमेकांवर घासून झिजलेत. प्रत्येकाच्या झिजेत शेजाऱ्याचा आकार आहे. तुम्ही कुठल्या वळणावर गिअर टाकता, कुठे दाबता, सगळं त्यात कोरलंय. तिथे नवा, सरळ दातांचा पाहुणा कसा बसेल?"

"मग जुना आणू कुठनं?"

"आणायचा नाही. वाढवायचा." त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली. आत तांबूस, दाट काहीतरी होतं. "याला मी लोहकिण्व म्हणते. सड्यावरच्या जीवाणूंपासूनच केलंय. हे लोखंडाचे कण खातं आणि जिथे थरथर असेल तिथे नेऊन त्यांचा थर देतं. यंत्रात थरथर कुठे होते? जिथे सैल आहे, झिजलंय, तुटलंय तिथे. फट भरली की थरथर थांबते. थरथर थांबली की हे झोपतं."

अण्णांनी बरणी नाकाशी नेली. "म्हंजे लोखंडाचं इरजण."

"अगदी विरजणच. पण खाद्य मी मोजून दिलंय. वर काही घालायचं नाही. कळलं?"

"कळलं की."

तुटका गिअर पेटीत बसवला, त्यावर बरणी रिकामी केली, इंजिन चालू ठेवून पेटी खडखडू दिली. सुगंधाने दह्याच्या पातेल्यावर टाकावं तसं वरून घोंगडं टाकलं. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे झालं. पण दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी. त्या दिवशी कोयत्यापासून शिलाई मशीनपर्यंत कामाच्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं, आणि आक्का आजारी म्हणून तिची पूजा चुकवायची हे अण्णांच्या मनातही आलं नसतं. त्यांनी घोंगडं बाजूला केलं, उघड्या पेटीच्या काठावरच नारळ फोडला आणि पाणी भक्तिभावाने आत सोडलं.

नारळाचं पाणी म्हणजे जीवाणूंना पुरणपोळीचं जेवण.

दसऱ्याला अण्णांनी आक्काला गिअरमध्ये टाकलं आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी चढण चढून गेली. वाडी वाजतगाजत मागे धावली. सहा-सात जणांनी सोन्याची पानं बॉनेटवर वाहिली. आणि आठवड्याभरात अण्णांच्या लक्षात आलं की दाराची खडखड गेलीय, स्प्रिंगचा फुटका पाटा सांधलाय, गंजून पडलेलं भोक बुजलंय. विरजण पेटीबाहेर पडून, अंगावर बसलेली जांभ्याची धूळ खात गाडीभर हिंडू लागलं होतं. मग काय विचारता! दर शनिवारी खाली निघण्याआधी आक्काच्या अंगावर एक नारळ फुटू लागला.

डॉक्टरांना कळलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून बसल्या.

"अण्णा, हे थांबवा. मला याचा शेवट माहीत नाही."

"शेवट कशाचा, डॉक्टर? हिचं आत्ता कुठं चालू झालंय! हे बघा." अण्णांनी स्टिअरिंग पुढे केलं. जिथे त्यांची बोटं थरथरत तिथे त्याला बारीक उंचवटे फुटले होते. बोटं त्यांच्यामध्ये अशी बसत की हलायचं नाव नको. डावा गुडघा लटपटे, तर क्लच त्याला भेटायला वर आला होता. पाठीमागची पट्टी पाठीच्या बाकाप्रमाणे वाकली होती. परवान्याच्या तपासणीत साहेब म्हणाले, "या वयात काय पकड आहे हो!" अण्णांनी मिशीला पीळ दिला. डॉक्टर हसल्या खऱ्या, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. विरजणाला लोखंड आणि माणूस यांतला फरक कळत नाही; त्याला फक्त सैल भाग कळतो. आणि आता आक्कात सगळ्यात सैल भाग कोणता उरला होता?

पुढच्या पावसाळ्यात अण्णांना ताप आला आणि महिनाभर खाटेवर पडून राहावं लागलं. इंजिन जाम होऊ नये म्हणून सुगंधा रोज गोठ्यात आक्का चालू करून ठेवी. बापाच्या आज्ञेप्रमाणे शनिवारचा नारळही फोडी. पावसाने गोठ्यात अंधार असे, ती दारातून हात घालून किल्ली फिरवी आणि कामाला लागे. रिकाम्या सीटपुढे, कुणी न धरलेलं स्टिअरिंग थडथड थडथड हलत राही.

एका शनिवारी ती पाण्याला जाऊन आली तो गोठा रिकामा.

अण्णा काठी टेकत बाहेर आले. वाडी गोळा झाली. चोर म्हणावा, तर ही वाट उतरणारा चोर जन्मायचा होता. एवढ्यात चढणीवरून ओळखीचा घरघराट आला, शेवटच्या वळणावर गिअर पडला, अण्णा टाकायचे अगदी त्याच दगडापाशी, आणि आक्का ऐटीत अंगणात येऊन उभी राहिली. मागच्या बाकावरून डॉ. मुजावर उतरल्या.

"अण्णा, तुम्ही इतके का रागावलात? डांबर संपतं तिथे मागून चढले, वाटभर तुमच्या पाठीशी बोलतेय, एक शब्द नाही..." असं म्हणत त्यांनी समोर पाहिलं. समोर काठी टेकून अण्णा उभे होते. डॉक्टरांनी सावकाश मान वळवून सीटकडे पाहिलं.

सीटवर अण्णा बसले होते. तांबूस, जांभ्याच्या रंगाचे, लोखंडाचे. पाठीला तोच बाक, डावा गुडघा क्लचवर, उजवं कोपर खिडकीबाहेर. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा होता.

"तोंड न्हाई याला," अण्णा पुटपुटले.

"तेवढं बरं झालं," सुगंधा म्हणाली.

डॉक्टरांनी लोखंडी खांद्यावर बोट टेकवून पाहिलं. "सीट रिकामी, स्टिअरिंग हलतंय. तिला वाटलं, एक पार्ट गेलाय. वाट तिच्या झिजेत होती, शनिवार तिच्या अंगवळणी होता. तुम्ही गावोगाव हिंडलात, अण्णा. हिने घरबसल्या स्पेअर मिळवला."

अण्णांनी घण मागवला. कुणीतरी आणून दिला. त्यांनी तो उचलला, त्या गुळगुळीत डोक्याजवळ नेला आणि लोखंडी हातांकडे पाहिलं. स्टिअरिंगवरचे ते हात जरासुद्धा थरथरत नव्हते. घण पेलणारे मात्र लटलटत होते.

"डॉक्टर, घण मारला तर हिला दुखल का?"

"माहीत नाही, अण्णा."

अण्णांनी घण खाली ठेवला. आक्काला वळसा घालून ते डाव्या बाजूला गेले, जिथे ते स्टिअरिंग हाती आल्यापासून कधी बसले नव्हते, आणि कण्हत वर चढले. "बघू तरी, जमतंय का बेट्याला," ते म्हणाले.

आक्का निघाली. पहिल्या घसरणीवर अण्णांचा पाय ब्रेक शोधत रिकाम्या पत्र्यावर आपटला. दुसऱ्या वळणावर ते ओरडले, "अरं, दाब, दाब!" आणि तेवढ्यात त्याने दाबलंही होतं. तिसऱ्या वळणावर अण्णांनी बोलणं सोडलं आणि बाहेर पाहिलं. सडाभर निळी, जांभळी, पिवळी फुलं पसरली होती. उभा जन्म या वाटेवर गेला, पण चालवणाऱ्याला बाजूला बघायची सोय कुठे असते? अण्णा लहान मुलासारखे इकडे बघत, तिकडे बघत, मान दुखेपर्यंत बघत राहिले.

झऱ्यापाशी हौसाबाई कपडे धूत होती. तिने नेहमीसारखा हात वर केला. आक्काचा हॉर्न दोनदा वाजला, अण्णा वाजवीत तसाच.

"काय केरबाअण्णा, बरं वाटलं वाटतं!" ती उजवीकडच्या कोपराला म्हणाली. मग डोळ्यांवर आडवा हात धरून तिने डाव्या सीटकडे पाहिलं. "आन् हे पाव्हणं कोण म्हणायचं?"

 अण्णांना हसू फुटलं. आधी पोटात, मग खांद्यांत, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"असाच आलोय, बाई," ते म्हणाले, "मुलूख बघायला."