रेशमावरचा चेहरा

ओसाकातल्या नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर एक सडपातळ माणूस ऑक्टोपस भरलेले ताकोयाकीचे गरम गोळे फुंकून फुंकून खात बसला होता. रेशमाचं पुडकं छातीशी धरून चिझुरू त्याच्यापुढे थबकली.

"रेन्जिरोंची खोली कुठे हो? विणकरांकडून आलेय मी."

"तो रॉक गाणारा? शेरभर रंग फासून जिन्यावरून पडतो, तो?"

"पडत नाहीत, मरतात ते. शेवटच्या गाण्यात, रोज. आणि उठून पुन्हा गातात." तिचा आवाज चढला. "तळघरात अकरा माणसांपुढे गायचे, तेव्हाही इतकाच जीव ओतून मरायचे. त्या अकरांत मी होते. पंधरा वर्षांची."

त्याची जीभ चांगलीच भाजली.

"अकरा नव्हती," तो हळूच म्हणाला. "बारा... एकजण दाराशी झोपला होता."

चिझुरूनं मान वर केली. विरळ भुवया, गालावर तीळ — दहा वर्षं रंगाखाली झाकलेला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मग दर खेळाला रेशीम घेऊन तीच यायची. खेळ संपला की जुन्या काबुकी नटांसारखा रेन्जिरो रंगलेला चेहरा रेशमावर दाबायचा. काळी भुवई, लाल ओठ, घामात भिजलेली पापणी — सगळं कापडावर उतरायचं. चाहते ते ठसे देवासारखे भिंतीवर लावत. रेशमाची टोकं चिझुरू धरायची. त्याचा श्वास कापडातून झिरपून तिच्या बोटांना लागायचा.

"रेशीम का हलतंय?"

"रेशीम पातळ आहे फार."

"हं... रेशीमच."

पानं लाल होऊ लागली, तसं एक नाटक चालून आलं. गाणं नाही, रंग नाही. भूमिका भावाला समुद्रात गमावलेल्या कोळ्याची, कोऱ्या चेहऱ्यानं. रेन्जिरोनं नकाराचं पत्र लिहून आरशाला टेकवून ठेवलं.

"का पण?" चिझुरूनं विचारलं.

"रंग पुसला आणि खाली कुणीच निघालं नाही, तर?"

"मग पायऱ्यांवर जीभ भाजून घेतली, ती कुणी?"

"तो कुणाला आवडणार..."

चिझुरू पुडक्याची गाठ सोडत राहिली, पुन्हा बांधत राहिली.

"तिकीट काढलंय मी," ती गाठीकडेच बघत म्हणाली. "पहिल्या खेळाचं."

"मी हो म्हणण्याआधीच? भलत्याच धीट आहात."

पण पत्र त्यानं आरशापासून उचललं, आणि चौपदरी घडी घालून खिशात टाकलं.

पहिल्या खेळाला तो नुसत्या चेहऱ्यानं उभा राहिला. भावाला हाक मारली — एकदाच, तीही हळू. खोकणारे खोकायचे थांबले. गालावरचा तीळ सगळ्या नाट्यगृहानं पाहिला.

पडदा पडल्यावर तो खोलीत आला. डोळे अजून वाहत होते.

"रेशीम धरा."

"आज रंग कुठे आहे?"

"धरा तरी."

त्यानं चेहरा दाबला, बाजूला घेतला. ना भुवई, ना ओठ. पांढऱ्या कापडावर फक्त दोन ओले डाग.

"बघितलंत? काहीच नाही उमटलं."

"उमटलंय," चिझुरू म्हणाली. "आजच तर उमटलंय. हे... हे भिंतीवर लावायला नका देऊ कुणाला."

"नाही देत. तुझ्याजवळ राहू दे."

'तू' म्हणाला तो. चिझुरूनं रेशीम पुन्हा ताणून धरलं. त्यानं गाल टेकवला. आणि या वेळी पलीकडून तिनंही.