पात्याची रुंदी

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. मापन विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे, पण समोरच्याचा चेहरा उतरलाय हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागे. लग्न असंच बघू बघू म्हणता म्हणता राहून गेलं. वडिलांच्या घरात बापलेक फारसं न बोलता राहत होते. तीन महिन्यांपूर्वी अण्णा गेले आणि तो एकटाच उरला.

त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ताईनं ते मनाला लावून घेतलं. "दगड आहेस नुसता," ती म्हणाली, आणि त्यालाही वाटलं, असेन. आत चाचपून पाहिलं तरी हाताला काही लागत नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय जसा आपला राहत नाही, तसा तो सगळाच झाला होता.

चाकू अण्णांच्या उशाखाली सापडला. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, आजारपणात सांडलेल्या औषधांनी गंजून घट्ट बसलेला. अण्णा दर रविवारी त्याला दगडावर धार लावत, आणि बावन्न वर्षांच्या त्या घासण्यानं पातं मधोमध खंगलं होतं. फक्त सांध्याजवळ, जिथे दगड पोचत नाही, तिथे मूळची रुंदी शिल्लक होती. चौदा मिलिमीटर.

एका रविवारी सकाळी त्यानं चाकू रॉकेलमध्ये भिजत घातला. अगदी नव्यासारखा करायचा, असं ठरवलं. हे करताना तरी काही वाटेल, अशी पुसट आशा होती. पॉलिश पेपरनं घासून, सांध्यात तेलाचे थेंब सोडून दुपारी पातं लखलखीत झालं. खटका पहिल्यासारखा वाजला. वाटलं मात्र काहीच नाही. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. व्हर्निअर घेऊन पात्याचा मधला, सगळ्यात खंगलेला भाग मोजला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा टाकला. ११.२०.

सोमवारी सकाळी सहज पुन्हा मोजला. ११.४०.

व्हर्निअरमध्ये दोष असणार. त्यानं तो कारखान्यात नेऊन प्रमाण ठोकळ्यांवर तपासला. दोष नव्हता. मंगळवारी ११.६० भरलं, बुधवारी ११.८०. त्याला खटकलं ते पातं वाढण्यापेक्षा वाढ इतकी काटेकोर असणं. आपोआप होणारी कुठलीच गोष्ट इतकी शिस्तीची नसते, हे त्याचं अठ्ठावीस वर्षांचं मत होतं.

बुधवारीच अण्णांचा पट्टा खुंटीवरून काढताना त्याचा हात थांबला. आजारपणात अण्णांची कंबर बारीक होत गेली, तशी त्यांनी पट्ट्याला चाकूच्या टोकानं आणखी दोन भोकं पाडली होती. ती दोन्ही आता नव्हती. बुजवल्याची खूणही नव्हती. तिथलं कातडं सपाट आणि गुळगुळीत होतं.

पुढच्या रविवारी ताई आली. आल्या आल्या तिची नजर मधल्या खोलीच्या दाराकडे गेली. शाळा सुरू झाली की अण्णा त्याला त्या चौकटीला उभं करत आणि डोक्याशी चाकूनं खाच पाडत. सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, अकरा खाचा.

"वरच्या खाचा कुठे गेल्या रे? चौकट तासलीस का काय?"

"नाही."

"मग?"

त्यानं तिला पट्टा दाखवला, कॅलेंडरातले आकडे दाखवले, चाकू हातात दिला. ताईनं पात्यावरून बोट फिरवलं आणि चाकू घाईघाईनं टेबलावर ठेवला.

"ह्यानं कापलेलं परत जुळतंय, असं म्हणायचंय का तुला?"

"मी काही म्हणत नाही. आकडे सांगतोय. शेवटचं कापलेलं आधी, मग त्याच्या आधीचं. येत्या रविवारी पातं चौदा होईल, म्हणजे विकत आणलं तेव्हाइतकं. त्यानं पहिल्यांदा काय कापलं होतं, तेवढं कळलं की झालं."

ताईनं टेबलावरचा चाकू आणखी लांब सरकवला. मग म्हणाली, "तुझी नाळ."

ती तेव्हा आठ वर्षांची होती. आतल्या खोलीत आईच्या खाटेशी कंदील धरून उभी होती. "सुईण पोचायच्या आत तू हजर. जन्मात केलेली तेवढीच घाई. अण्णांनी आदल्या दिवशी आणलेला कोरा चाकू उकळत्या पाण्यात बुडवला. पण आई कापू देईना. असू दे अजून थोडा वेळ, म्हणाली. दोनदा म्हणाली. अण्णांनी ऐकलं नाही."

आई तो तीन वर्षांचा असताना गेली. तिचा चेहरा त्याला फोटोमुळे माहीत होता. आवाज अजिबात आठवत नव्हता.

"देऊन टाक कुणाला तरी," ताई म्हणाली. "नाहीतर मोडून टाक."

सोमवारी त्यानं कारखान्यातल्या ग्राइंडरवर पातं धरलं. ठिणग्या उडाल्या, चांगलं दीड मिलिमीटर पोलाद झडून गेलं. मंगळवारी सकाळी १३.०० भरलं, जणू काही झालंच नव्हतं. बुधवारी तो चाकू कारखान्याच्या कपाटात कुलपात ठेवून आला. गुरुवारी कुलूप तसंच होतं. १३.४०. त्यानं चाकू खिशात घातला आणि घरी आणला. घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. पण घाबरणार कशानं? ते यंत्रच आत बंद होतं.

शुक्रवारी शेवटची, सगळ्यात खालची खाच गेली. चौकट कोरी झाली.

शनिवारी चहाचा ग्लास उचलताना त्याचा डावा अंगठा भाजला. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि अंगठा डोळ्यांसमोर धरला. चार वर्षांचा असताना त्यानं अण्णांचा चाकू चोरून उघडला होता, तेव्हाचा व्रण त्यावर होता. शीर तुटली होती, म्हणून अंगठ्याचं टोक अठ्ठेचाळीस वर्षं मुकं होतं. आता व्रण नव्हता. टोकाला ग्लासचा चटका लागत होता, टेबलाचा गारवा कळत होता. तो तासभर अंगठा हळूहळू सगळ्या वस्तूंवरून फिरवत राहिला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "माझ्याकडे ये राहायला. आजच्या आज."

"अंतरानं फरक पडत नाही. पाहिलंय मी."

"मग मी येते तिकडे."

"नको."

"अरे, भीती कशी वाटत नाही तुला?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ताई, अंगठ्याला कळायला लागलंय," तो म्हणाला.

रविवारी तो उशिरा उठला. बाहेर लख्ख ऊन होतं. पातं सांध्यापासून टोकापर्यंत एकसारखं सरळ होतं. व्हर्निअर लावला. १४.००. कॅलेंडरात आकडा टाकला.

मग आंघोळीला गेला. सदरा काढला.

बेंबी ओलसर होती. बोट लावलं तर मऊ लागली, कोवळी, आणि आत ठोके पडत होते. त्यानं स्वतःची नाडी धरून मोजून पाहिली.

ठोके त्याचे नव्हते.

तो तसाच बाहेर आला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई गेल्यापासून तिथे अडगळच होती. आईची लोखंडी खाट भिंतीला उभी करून ठेवलेली असे.

तेवढ्यात बेंबीत हलकासा ताण बसला. दुखलं नाही. ऊबदार वाटलं. तीन महिन्यांत त्याला वाटलेलं हे पहिलं काहीतरी होतं, आणि त्याचे डोळे भरून आले.

तो जागचा हलला नाही. आत खाट करकरली, कुणीतरी कूस बदलल्यासारखी. ताण थोडा वाढला.